आधी धक्का, की आधी पडणं?

इंद्रजीत मुळीकच्या पत्राला मी कित्येक महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोन पानांचं होतं, निळ्या शाईतलं. हल्ली हातानं लिहिलेलं पाकीट इतकं दुर्मीळ झालंय की आमच्या पोस्टमननं ते उलटसुलट करून बघितलं आणि “पत्रिका दिसत नाही, सर,” असं सांगून मग माझ्या हातात दिलं. मी फोन उचलत नाही हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. पलीकडून आवाज आला की मला शब्दच सुचत नाहीत. इंद्रजीतचे आजोबा, आनंदा मुळीक, माझे लहानपणापासूनचे मित्र. भूपाल उपाध्येला गाठायचं तर कागदावर गाठ, असं त्यांनीच नातवाला सांगितलं असणार.

इंद्रजीत फुटबॉल खेळतो. महालीगमधल्या एका मोठ्या संघाचा तो आघाडीचा खेळाडू. आमच्या कोल्हापुरातल्या चिंचबन तालमीतून तिथवर पोचलेला पहिला मुलगा. पत्र आलं तेव्हा त्याच्यावर फसवणुकीचा ठपका होता. एका मोसमात तीन वेळा तो धक्का लागला नसताना मुद्दाम पडला आणि पंचांना फसवून पेनल्टी मिळवायला बघत होता, असं लीगचं म्हणणं. ठपका कुणा माणसानं ठेवला नव्हता, ‘साक्ष’नं ठेवला होता. आणि ‘साक्ष’चा गाभा माझा होता.

पत्रातलं एक वाक्य मला न ठरवता पाठ झालं. ‘सर, तू खोटा पडलास का, असं मला कुणी विचारत नाही. मला सांगतात.’ शेवटी त्यानं विचारलं होतं, की पडताना माझ्या मनात काय होतं हे मलाच धड माहीत नसेल, तर ते तुमच्या यंत्राला माहीत असू शकतं का?

मी उत्तर लिहायला बसलो की पहिल्या ओळीनंतर अडायचो. उत्तर मला माहीत आहे असं वाटत होतं. ते त्याच्या सोयीचं नव्हतं, एवढंच.

*

यंत्राचं थोडं सांगायला हवं. मी आयुष्यभर कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, तेही फळ्याकडे तोंड करून. मुलांकडे बघितलं की विसरायला व्हायचं. आई मोरीच्या उंबऱ्यापाशी पडली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी काही करता येईल का, असं डोक्यात आलं. त्यातून ‘सावर’ नावाचा पट्टा तयार झाला. तो कमरेला बांधायचा आणि त्याच्या दोन पातळ तारा पोटरीपर्यंत न्यायच्या. माणूस पडायला लागला की जमिनीला टेकायच्या आत खुब्यावर हवेची उशी फुगते.

अडचण अशी होती, की खुर्चीत बसणारा माणूसही खालीच येत असतो. सुरुवातीचे पट्टे जेवायला बसलं की फुगायचे. पत्नी रत्नमाला म्हणायची, की या पट्ट्यापेक्षा पडलेलं बरं.

तोड मला क्रमात सापडली. माणूस स्वतःहून खाली बसतो तेव्हा मेंदू आधी हुकूम सोडतो. अंग हलायच्या आधीच पोटऱ्या सैल पडतात, पाठ तोल बदलायची तयारी करते. ही तयारी पापणी लवण्याइतक्या वेळात उरकते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. खऱ्या पडण्यात उलट होतं. आधी धक्का, आधी पाय घसरणं. मग ती खबर कानाच्या आतल्या भागातून आणि सांध्यांमधून वर जाते आणि मग स्नायूंची धावपळ. म्हणजे प्रश्न एकच उरतो. स्नायू आधी हलला, की धक्का आधी लागला? स्नायू आधी असेल तर ते बसणं. धक्का आधी असेल तर ते पडणं. पट्टा शहाणा झाला. माझ्या विद्यार्थिनीनं, शलाका बिडकरनं, कंपनी काढली आणि लाखो म्हाताऱ्यांच्या कमरेला तो पोचवला.

पुढे लीगनं ते तंत्र विकत घेतलं आणि त्याला ‘साक्ष’ नाव दिलं. पट्ट्याच्या तारा खेळाडूंच्या मोज्यांत विणल्या गेल्या. खेळाडू पडला की मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर दिवा लागतो. धक्का आधी असेल तर हिरवा. स्नायू आधी असेल तर लाल. मोसमात तीन लाल दिवे लागले की दोन वर्षांची बंदी. सुनावणी नाही, कारण यंत्राची उलटतपासणी काय घेणार? अपील फक्त शास्त्रीय मुद्द्यावर, तेही तज्ज्ञाच्या शपथपत्रासह.

तेव्हा हे मला न्याय्य वाटलं होतं. पंच चुकतात, मोठ्या संघाला झुकतं माप देतात, प्रेक्षकांना घाबरतात. यंत्राला पेठ नसते.

*

पण सामना बघायला गेलो की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. पडद्यावर दिवा लागायचा आणि लोक गप्प बसायचे. भांडणच नाही.

आमच्या वेळचं फुटबॉल म्हणजे निम्मं मैदानावर आणि निम्मं चहाच्या गाड्यावर. सकाळी तालमीच्या तांबड्या मातीत कुस्ती आणि दुपारी त्याच पोरांचं फुटबॉल. एकदा शहराच्या अंतिम सामन्यात आनंदा गोलसमोर पडला. पंच होते शाळेतले चित्रकलेचे मास्तर. त्यांनी शिट्टी मारून पेनल्टी दिली आणि आम्ही जिंकलो. समोरच्या पेठेचा बचावपटू छातीवर हात मारून सांगत राहिला, की मी याला शिवलोही नाही. दुसऱ्या दिवशी गाड्यावर वाद, पुढच्या वर्षी वाद, गणपतीत वाद. तो बचावपटू पुढे आनंदाचा व्याही झाला. लग्नात अक्षता पडल्यावर दोघांची गळाभेट झाली आणि व्याह्यानं कानात पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, तर “आता तरी सांगा, मी लागलो होतो का?” आनंदा नुसता हसला. मास्तर जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांना कुणी लबाड म्हटलं नाही. चुकले असतील, म्हणत. पुढच्या रविवारी शिट्टी परत त्यांच्याच तोंडात.

इंद्रजीतवर बंदी आली त्या आठवड्यात पेठेच्या चौकातला त्याचा फलक उतरला. तो गावी परतला. गल्लीत पोरं खेळताना एखादं पडलं की बाकीची ‘लाल, लाल’ करून ओरडायची. मी खिडकी लावून घ्यायचो. अपिलाची मुदत महिनाअखेरपर्यंत होती, आणि पत्र टेबलाच्या खणात होतं.

*

मग मी पडलो.

वाचनालयाच्या पायऱ्या उतरत होतो. मागून एक गृहस्थ फोनवर बोलत घाईनं आले आणि त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मी चार पायऱ्या खाली गेलो आणि फरशीवर जाऊन थांबलो. लागलं काहीच नाही. धोतराला धूळ लागली. पुस्तक छातीशी तसंच होतं. पण कमरेला बांधलेला माझा पट्टाही तसाच होता, चपटा.

घरी रत्नमालानं आधी मला चाचपून बघितलं आणि मग पट्ट्याकडे वळली.

“सगळ्या जगाला उघडतो आणि ज्यानं केला त्यालाच उघडत नाही. अहो, बॅटरी घालायला विसरला असाल.”

बॅटरी होती. मी पट्ट्यातली नोंद संगणकावर काढली. त्या क्षणापुढे लिहिलं होतं: स्वेच्छेनं बसणे. माझ्या पोटऱ्या त्या गृहस्थांचा खांदा लागायच्या आधी सैल पडल्या होत्या. यंत्राच्या मते मी वाचनालयाच्या पायरीवर राजीखुशीनं बैठक मारली होती.

मला हसू आलं. रत्नमालाला वाटलं डोक्याला मार लागला.

मी पडलो नव्हतो असं कसं म्हणू? पण नोंदही खोटी नव्हती. मागून येणारी पावलं मी ऐकली होती. फोनवरचं बोलणं जवळ येताना ऐकलं होतं. कानांनी ऐकलं आणि अंगानं मला न विचारता तयारी केली. ही सवय कुठली, हे आठवायला वेळ लागला नाही. वडिलांचं धान्याचं दुकान. मुलगा काडीसारखा, सदा पुस्तकात. त्यांनी मला तालमीत घातलं. तिथे पहिलं वर्षभर डाव शिकवत नसत, पडायला शिकवत. खणलेल्या मातीत ताक, तेल, हळद घातलेली असायची, तिचा वास अजून नाकात आहे. वस्ताद येता-जाता कुठूनही ढकलायचे. हात लागायच्या आत ढिला हो, हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात टेकू नकोस. ताठ राहिला तो मोडला. मी एकही कुस्ती जिंकलो नाही. तालीम माझ्या अंगाला लागलीच नाही, असंच मी समजत आलो होतो. पडणं तेवढं लागलं होतं.

आणि इंद्रजीत त्याच मातीत पाचव्या वर्षापासून पडत आला होता. पट्ट्याला पडणं शिकवण्यासाठी मी ज्यांची अंगं मोजली होती, ती इस्पितळातली म्हातारी माणसं होती आणि कॉलेजातली मुलं. लीगनं त्यात परदेशी शाळांमधले खेळाडू मिळवले. मातीतलं अंग कुणी मोजलंच नव्हतं.

*

एका पडण्यावरून काही सिद्ध होत नाही. माझ्यासारख्या माणसाच्या पडण्यावरून तर मुळीच नाही. म्हणून मी आनंदाच्या घरी गेलो. कित्येक वर्षांनी न सांगता गेलो असेन. त्याचे गुडघे गेलेत; दारात खुर्ची टाकून बसला होता.

“आलास व्हय,” तो म्हणाला. “म्हटलं, मेल्यावर येतोस का काय.”

पत्राचं त्यानं काढलं नाही. मी पट्ट्याची नोंद सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे तू पडलास आणि तुझं यंत्र म्हणतंय, न्हाई पडला?” मग गुडघ्यावर थाप मारून इतका हसला, की आतून सून बघायला आली.

रविवारी तालमीत पेठेतले दहाबारा म्हातारे जमले. माती इंद्रजीतनं पहाटे खणून ठेवली होती. मी त्याला प्रथमच जवळून बघत होतो. उंच, गप्प, नजर खाली. तो पाया पडला. मी काहीतरी पुटपुटलो. पत्राचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही.

प्रयोग साधा होता. प्रत्येकानं पट्टा बांधून मऊ मातीत उभं राहायचं आणि इंद्रजीतनं न सांगता ढकलायचं. लहानपणी मातीत वाढलेले एकेक जण ढकलले गेले, पडले, उठले, अंग झटकून पुन्हा रांगेत उभे राहिले. एकाचाही पट्टा फुगला नाही; इंद्रजीतची चाहूल लागताच अंगं ढिली पडत होती. औषधाच्या दुकानाचे देसाई तालमीत फक्त पत्ते खेळायला यायचे. त्यांना बोट लागताच उशी फटकन फुगली. ते तिच्यावर आरामात बसून राहिले आणि म्हणाले, मला तर असंच बरं वाटतंय. आनंदानं हट्टानं स्वतःला ढकलून घेतलं. नातवानं दोन्ही हातांनी धरून, जवळजवळ निजवल्यासारखं ढकललं. पट्टा गप्प. म्हातारा मातीत पाठ टेकून वर छपराकडे बघत राहिला. उठवू का, विचारलं तर म्हणाला, थांब जरा.

ती सगळी माणसं एवढी खूश मी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. मी मात्र न फुगलेले पट्टे मोजत होतो. हे पट्टे लाखो माणसांच्या कमरेला होते.

बाकीचे चहाला गेल्यावर आनंदा खुर्चीत सावरून बसला. “झालं की. तिन्ही लाल दिवे खोटे. लिही, भूपाल्या.”

“दोन,” इंद्रजीत म्हणाला.

तो फावड्यानं माती सारखी करत होता. हात थांबला नव्हता.

“गोव्याच्या सामन्यातला खरा होता. बचावपटूचा खांदा येताना दिसला, अंग ढिलं झालं, इथवर नेहमीचंच. पण तिथून मला उभं राहता आलं असतं. राहिलो नाही.”

आनंदाचा चेहरा बदलला. “यंत्राला कळत न्हाई, हे आत्ता बघितलंस न्हवं? मग तुला कशाला कळाया पाहिजे?”

इंद्रजीतनं फावडं चालूच ठेवलं. आनंदा माझ्याकडे वळला. तो बराच वेळ बोलला. पोराचं पोट, पेठेची अब्रू, आणि तालमीत पोरं मला चष्म्या म्हणून छळायची तेव्हा मध्ये कोण पडायचं, तेही. सगळं खरं होतं. त्याच्या म्हणण्यात तर्कही होता. यंत्राला फरक कळत नसेल तर तिसऱ्या दिव्याचा पुरावा उरतच नाही. गोव्याचं लिहायची मला गरज नव्हती. मी गप्प बसलो असतो तरी शपथपत्र खोटं ठरलं नसतं.

मी आयुष्यभर न विचारलेलं विचारलं. “तुझ्या त्या पेनल्टीला व्याही लागले होते का रे?”

आनंदा दचकला. मग हळू आवाजात म्हणाला, “म्हाईत न्हाई. आईशप्पथ. पडलो, एवढं म्हाईत.”

“मास्तरांना कळलं होतं?”

“त्यांना कुठलं कळतंय? त्यांनी दिली, आम्ही घेतली. कळलं असतं तर व्याह्याशी आयुष्यभर काय बोललो असतो?”

इंद्रजीतनं फावडं भिंतीला टेकवलं.

“पण मला कळलंय, आजोबा,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच नजर वर करून, “सर, गोव्याचं पण लिहा. मी सांगितलं म्हणून लिहा. एका पडण्याला जेवढी शिक्षा असते तेवढी द्या म्हणावं. मला पिवळं कार्ड पाहिजे. माणसानं दाखवलेलं.”

आनंदानं खुर्ची फिरवली आणि आमच्याकडे पाठ केली.

*

शलाकाचा फोन आला तेव्हा मी तो उचलला. तिला आकडे आधीच पाठवले होते. ती रडवेली होती, पण पोरगी सच्ची आहे. तिनं सुचवलं, की तालमीत वाढलेल्यांसाठी वेगळं माप ठेवू. यंत्र सुधारेल, बोभाटा होणार नाही. मी म्हटलं, आज तालमीतला सापडला. उद्या नाचणारी सापडेल, परवा नारळाच्या झाडावर चढणारा. प्रत्येक अंग कुठे ना कुठे काहीतरी शिकलेलं असतं, ते सगळं आपण कधी मोजणार? आणि समज, माप अगदी बिनचूक झालं. तरी ते एवढंच सांगेल, की स्नायू आधी हलला. का हलला, ते नाही. इतकं सलग मी फोनवर कधी बोललो नव्हतो. मग तिनं विचारलं, “म्हणजे जुने पंच बरे होते, असं म्हणायचंय तुम्हाला, सर?”

मला तसंही म्हणायचं नव्हतं. चित्रकलेचे मास्तर चुकायचे. फक्त त्यांना आपण चुकू शकतो हे माहीत होतं, म्हणून ते कुणाला दोन वर्षं बाहेर बसवत नव्हते.

शपथपत्र मी मुदतीच्या आत पाठवलं. पट्ट्याच्या उणिवेसकट, गोव्यासकट. कंपनीनं लगोलग पट्टा वापरणाऱ्या सगळ्यांना सावधगिरीची सूचना पाठवली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, खाली ‘आपलेच यंत्र खोटे म्हणणारे प्राध्यापक’. रत्नमालानं तो कापून ठेवला, फोटो तरुणपणीचा आहे म्हणून. लीगनं तीन माणसांची समिती नेमली आणि इंद्रजीतला बोलावलं. समिती त्याला सोडेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. एक सदस्य म्हणे आधीच बोलून गेला, की जो एक पडणं कबूल करतो त्याची बाकीची दोन का मानायची? मी रात्रंदिवस त्याच वाक्यापाशी येऊन थांबायचो. पोराचं नुकसान मी केलं का? अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आनंदा माझ्याशी बोलत नव्हता. मी दोनदा त्याच्या दारावरून गेलो. खुर्ची होती, तो आत होता.

समितीसमोर जायला इंद्रजीतला आठवडा उरला असताना मी खण उघडला, पत्र पुन्हा वाचलं आणि कागद घेतला. या वेळी पहिल्या ओळीनंतर अडलो नाही.

‘चि. इंद्रजीत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पडताना तुझ्या मनात काय होतं, हे माझ्या यंत्राला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की त्याला माहीत आहे, म्हणून मी गप्प राहिलो. दोन वेळा तू पडलास आणि एक वेळ पडून घेतलंस, हे मला फक्त तू सांगितलंस म्हणून कळलं. मी ते खरं धरलं. यापेक्षा चांगलं साधन मला आयुष्यभरात सापडलं नाही, आणि हेही चुकू शकतं. समितीपुढे तुला विचारतील. विचारतील, यासाठीच आपण हे सगळं केलं. सावकाश बोल. तुझे आजोबा माझ्यावर रागावले आहेत. त्यांचा राग मला मान्य आहे, असं त्यांना सांग. तुझा, भूपाल उपाध्ये.’

पेठेतली लाल पेटी काढून नेलीय, म्हणून मुख्य पोस्टात चालत गेलो. खिडकीतल्या मुलीनं पत्ता वाचला, मग पाठीमागचा माझा पत्ता वाचला आणि म्हणाली, “आजोबा, हे तुमच्या मागच्याच गल्लीत आहे की. घरी जाता जाता द्या.” मी हो म्हणालो आणि तिकीट घेतलं. ते नीट चिकटवलं. बाहेर येऊन पेटीच्या फटीतून पाकीट आत सोडलं, आणि ते अडकलं तर नाही ना, हे फटीत बोटं घालून बघितलं. अडकलं नव्हतं.